गोड वाइन हवीय, पण कुठली?

प्रश्न: ताई नमस्कार. आमचे मिस्टर नाशिकला गेले की येताना रेड वाइन घेऊन येतात, चांगली महागातली आणतात, पण सासूबाई एक घोट घेतात आणि ग्लास बाजूला ठेवतात, म्हणतात घशाखाली उतरत नाही गं. गोव्याला गेलो होतो तेव्हा तिथली पोर्ट मात्र आवडीने घेतली त्यांनी. आता त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस येतोय तर त्यांच्यासाठी कुठली आणू? शुगर बॉर्डरलाइन आहे. मिस्टर म्हणतात गोड वाइन म्हणजे वाइनच नव्हे, सरबत प्या त्यापेक्षा. – एक सून, सीवूड्स

उत्तर: आधी मिस्टरांचं बघू. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ सोतेर्न नावाचा भाग आहे, तिथली वाइन चांगली गोडमिट्ट असते, द्राक्षांवर एक बुरशी मुद्दाम धरू देतात, तिने द्राक्षं सुकतात आणि आतली साखर घट्ट होते. १८५५ साली बोर्दोच्या वाइनची प्रतवारी झाली तेव्हा तिथल्या शातो दिकेमला एकटीला सगळ्यांच्या वरचा वेगळा दर्जा दिला होता, आणि आजही तिची किंमत ऐकली तर मिस्टर सरबताचं नाव काढणार नाहीत. गोड आवडतं म्हणजे वाइन कळत नाही हे जे आपल्याकडे पसरलंय ना, त्याचा मला मनापासून कंटाळा आहे.

आता सासूबाई. त्यांना नेमकं काय खटकतं ते विचारा, कारण "ड्राय नको" म्हणणाऱ्या माणसांची तक्रार दरवेळी साखरेबद्दल नसते. ड्राय म्हणजे काय तर द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर यीस्टने खाऊन तिचं अल्कोहोल केलेलं असतं. पण रेडमध्ये आणखी एक भानगड असते, ती सालीसकट आंबवतात, त्यामुळे सालीतलं टॅनिन उतरतं आणि जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी ओढल्यासारखी होते तसं होतं. कॅबर्ने, शिराझ या रेडच्या जातींमध्ये हे चांगलंच जाणवतं. सासूबाई जर "तुरट लागतं" म्हणाल्या तर अर्धं काम रेड सोडून व्हाइटवर आलात की होतंय, "आंबट लागतं" म्हणाल्या तर मात्र सोविन्यो ब्लां या आंबटसर व्हाइटच्या वाटेला जाऊ नका. आणि वासावर जाऊ नका हं, पेरू-अननसाचा मस्त वास येणारी वाइन तोंडात गेल्यावर ठणठणीत ड्राय निघू शकते.

मी तुमच्या जागी असते तर दोन बाटल्या घेतल्या असत्या. एक सुला कंपनीची साधी शेनिन ब्लां, ही व्हाइट, नाशिकचीच, हलकी गोडसर असते, फार गोड नाही, जेवणाबरोबर चालते, मिस्टरही पितील (कबूल नाही करणार). आणि दुसरी लेट हार्वेस्ट शेनिन, ही खरी वाढदिवसाची. यात द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवतात, साखर वाढते, ती सगळी काही यीस्टला संपवता येत नाही म्हणून वाइन गोड राहते. सुलाची ३७५ मिलीच्या छोट्या बाटलीत येते आणि तेवढी पुरते कारण ही ग्लास भरून प्यायची नसतेच, ५०-६० मिली खूप झाली. दोन्ही चांगल्या गार करा, गोड वाइन कोमट झाली की काकवीसारखी चिकट लागते.

पोर्टबद्दल सांगायचं तर खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातली, आंबवणं अर्ध्यावर असताना द्राक्षाचंच कडक स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं, साखर तशीच राहते. पण अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं! गोव्यातली स्वस्त गोड रेड ही त्या नावाने ओळखली जाणारी वेगळीच चीज आहे. म्हणून दुकानात नुसतं "पोर्ट द्या" म्हणू नका, बाटलीवरचे टक्के वाचा.

शुगरचं म्हणाल तर हिशोब सोपा आहे. लिटरला १०० ग्रॅम साखर असलेली वाइन ६० मिली घेतली तर ६ ग्रॅम साखर पोटात जाते, म्हणजे दीड चमचा. केकच्या एका तुकड्यात याहून जास्त असते, पण केकही खाणार आणि वाइनही घेणार असं असेल तर, आणि गोळ्या चालू असतील तर नक्कीच, आधी डॉक्टरांना विचारा.

जेवणात कोळंबीचं तिखट कालवण वगैरे असेल तर शेनिन छान जाईल, गोडव्याने तिखट जरा शांत होतं, टॅनिनवाली रेड उलट जास्त झोंबते. लेट हार्वेस्ट बासुंदी-गुलाबजामबरोबर देऊ नका, पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन आंबट आणि पाणचट लागते. खारे काजू नाहीतर चीज ठेवा समोर.

प्रश्न: बायकोला ड्राय आवडत नाही म्हणून स्पार्कलिंग (बुडबुड्यांची वाइन) घेताना ब्रूट घेतली, एक्स्ट्रा ड्राय मुद्दाम टाळली. तरी आंबटच निघाली. दुकानदाराने फसवलं का? – घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: नाही हो, लेबलने फसवलं. ब्रूटमध्ये लिटरला जास्तीत जास्त १२ ग्रॅम साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७, म्हणजे तुम्ही टाळली ती जास्त गोड होती. ही नावं एकोणिसाव्या शतकातली आहेत, तेव्हा शॅम्पेन इतकी गोड पीत की त्या मानाने ही "एक्स्ट्रा ड्राय" वाटायची. पुढच्या वेळी डेमी-सेक शोधा, ३२ ते ५० ग्रॅम. किंवा इटलीची मोस्कातो दास्ती मिळाली तर बघा, हलके बुडबुडे, चांगली गोड आणि अल्कोहोल जेमतेम ५ टक्के, फक्त इम्पोर्टेड म्हणून खिशाला चटका बसतो. साध्या वाइनमध्येही टक्के बघायची सवय लावा, ८-९ टक्के असेल तर बहुतेक वेळा साखर शिल्लक असते, १३-१४ असेल तर बहुतेक ड्राय. लेट हार्वेस्ट आणि पोर्टला हा नियम लागू नाही, त्यांचं वर सांगितलंय.

प्रश्न: घरात भेट आलेली ड्राय रेड पडून आहे, साखर घालून प्यायली तर चालेल का? हसू नका. – कोपरखैरणे

उत्तर: हसत नाहीये. नुसती साखर थंड वाइनमध्ये नीट विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून साखरेचा पाक करून घाला, त्यात संत्र्याच्या फोडी, सफरचंद, थोडा संत्र्याचा रस, दोन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि पिताना वरून सोडा. स्पेनमध्ये याला सांग्रिया म्हणतात आणि कुणी लाजत नाही. फक्त भेट देणाऱ्याने खूप महागाची दिली असेल तर त्याच्यासमोर करू नका.