रूळ पडले, तारा चढल्या, तरी गाडी का सुरू होत नाही?

वाढीव वेगाच्या नव्या प्रवासी रेल्वेमार्गांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. रूळमार्गाची उभारणी आणि त्याच्या चाचण्या हा माझ्या कामाचा विषय आहे. त्यामुळे गाडीच्या रंगरूपापेक्षा तिच्या खाली आणि वर काय असते, याकडेच या उत्तरांचा ओढा अधिक राहील.

प्रश्न : नवी गाडी ताशी २०० किलोमीटर वेगाने धावू शकते, असे तिचे उत्पादक सांगतात. मग ती आहे त्याच रुळांवर का चालवत नाहीत? वेगळ्या मार्गावर एवढा खर्च कशासाठी?

गाडीचा वेग आणि मार्गाचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रवाशाच्या वाट्याला नेहमी त्यांतला कमी असेल तोच वेग येतो. जपानमधले एक उदाहरण पाहा. तिथे एन-७०० मालिकेच्या त्याच गाड्या टोकियो ते शिन-ओसाका या तोकाइदो मार्गावर जास्तीत जास्त ताशी २८५ किलोमीटरने धावतात आणि पुढे सान्यो मार्गावर ताशी ३०० किलोमीटरने. डबे तेच, मोटारी त्याच. फरक आहे तो वळणांचा. तोकाइदो मार्ग १९६४ मध्ये ताशी २१० किलोमीटर वेगासाठी खुला झाला आणि त्यावरील वळणांची त्रिज्या २,५०० मीटरपर्यंत खाली येते. नंतर बांधलेल्या सान्यो मार्गावर ती साधारणपणे ४,००० मीटरच्या खाली जाऊ दिलेली नाही. एकदा आखलेले वळण साठ वर्षांनंतरही वेगाला कसा लगाम घालते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण आहे.

वेग दुप्पट केला, तर प्रवाशाला तेवढाच आराम देण्यासाठी वळणाची त्रिज्या चौपट करावी लागते. वळणावर बाहेरचा रूळ १५० मिलिमीटर उंच ठेवला आणि त्या वेगाला खरोखर लागणाऱ्या उंचीपेक्षा ती १०० मिलिमीटरने कमी आहे, ही तूट चालवून घेतली, तर १,४३५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावर ताशी २०० किलोमीटरसाठी सुमारे १,९०० मीटर आणि ३०० किलोमीटरसाठी सव्वाचार हजार मीटर त्रिज्या लागते. थांबण्याच्या अंतराचे गणितही हेच आहे. ताशी १०० किलोमीटरवरून साडेपाचशे मीटरमध्ये थांबणारी गाडी तेवढ्याच जोराच्या ब्रेकने ताशी २०० वरून थांबायला दोन किलोमीटरहून जास्त अंतर घेते. म्हणून ताशी १६० किलोमीटरच्या पुढे सहसा रुळालगतच्या सिग्नलवर भिस्त ठेवत नाहीत आणि परवानगीचा वेग थेट चालकाच्या समोरच्या पडद्यावर दाखवतात. त्यात जुन्या मार्गावरची फाटके, संथ मालगाड्या आणि स्थानकांच्या तोंडाशी गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे, हळूच ओलांडावे लागणारे सांधे जमेस धरले, की तिथे नव्या गाडीचा उपयोग फार तर लवकर वेग घेण्यापुरता होतो, हे ध्यानात येईल. जुना मार्ग सुधारून ताशी २०० किलोमीटरपर्यंत नेता येतो आणि तो पर्याय पुष्कळदा शहाणपणाचाही असतो. पण २५० आणि त्यापुढच्या वेगासाठी नवी आखणी करण्यावाचून सहसा गत्यंतर नसते.

प्रश्न : आमच्या जवळच्या नव्या मार्गावर कित्येक महिने रिकाम्या गाड्या धावताना दिसतात. काम संपलेले असताना लोकांना ताटकळत ठेवणे हा वेळकाढूपणा नाही का?

आपली अधीरता मी समजू शकतो. परंतु डोळ्यांना दिसणारे काम संपते, तेव्हा न दिसणारे काम अर्ध्यावर आलेले असते. गाडी येण्यापूर्वीच पहिली फेरी सुरू होते. रुळांमधले अंतर, दोन्ही रुळांची पातळी, त्यांचा पीळ आणि सरळपणा मोजतात. प्लॅटफॉर्मच्या कडा, बोगद्याच्या भिंती आणि तारांचे खांब गाडीपासून पुरेसे दूर आहेत ना, हे पाहतात. तारांमध्ये वीज सोडण्याआधी कुंपणापासून पुलाच्या कठड्यापर्यंत प्रत्येक धातूचा भाग जमिनीशी जोडलेला आहे की नाही, हे तपासतात. युरोपीय पद्धतीची सिग्नल यंत्रणा असेल, तर दोन रुळांच्या मधोमध बसवलेली प्रत्येक संदेशपेटी नकाशातल्या जागीच आहे आणि नेमून दिलेलाच संदेश देते, याची एकेक करून खातरजमा करावी लागते. यांतली एक पेटी जरी दुसरीच्या जागी बसली, तरी चालकाला चुकीच्या ठिकाणी चुकीचा वेग दिसेल.

त्यानंतर गाडी धावते, तीही कमी वेगाने, आणि पुढे टप्प्याटप्प्याने वेग वाढवत नेतात. बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) आणि डब्याच्या तळाशी बसवलेले संवेदक उभे व आडवे हादरे नोंदवतात, ताण मोजणाऱ्या बारीक पट्ट्या चिकटवलेली चाके रुळावर किती जोर पडतो ते सांगतात आणि छतावरचा कॅमेरा पेंटोग्राफवर, म्हणजे तारेतून वीज घेणाऱ्या छतावरच्या दांडीवर, रोखलेला असतो. एका टप्प्याचे आलेख वाचून झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला परवानगी देत नाहीत. ताशी १६० वर सपाट दिसणाऱ्या रेषेत २०० वर एखादे टोक उमटते, त्याच किलोमीटरला पुढच्या फेरीतही तेच टोक येते, आणि मग रात्री तिथे माणसे जाऊन पाहतात, तेव्हा पुलाच्या तोंडाशी भराव दोन-तीन मिलिमीटर बसलेला सापडतो. पुलाचा ताठपणा आणि मातीच्या भरावाचा मऊपणा जिथे एकमेकांना भेटतात, ती जागा अशा तक्रारींचे माहेरघर आहे. खडी पुन्हा ठोकून पातळी सावरायची आणि तीच फेरी पुन्हा घ्यायची, असे ते चक्र चालते.

एवढे झाल्यावर दोन गाड्या समोरासमोरून पूर्ण वेगाने जाऊ देणे, बोगद्यातला हवेचा दाब मोजणे, वीज मुद्दाम खंडित करून गाडी मध्येच थांबवणे, प्रवाशांना खाली उतरवण्याची रंगीत तालीम, चालकांना मार्ग अंगवळणी पाडणे आणि शेवटी रिकाम्या गाड्या काही आठवडे प्रत्यक्ष वेळापत्रकाप्रमाणे चालवणे बाकी असते. बांधकामाला उशीर झाला, की उद्घाटनाची तारीख तीच ठेवून चाचण्यांचे आठवडे कापण्याचा मोह सगळीकडेच होतो. माझ्या मते, नव्या मार्गाच्या व्यवस्थापनाची खरी परीक्षा तिथेच असते. जपानने उलटा क्रम लावला होता. तोकाइदो मार्गाचा कामोनोमिया येथील सुमारे ३० किलोमीटरचा भाग आधी पूर्ण करून १९६२ पासून त्यावर चाचण्या घेतल्या, १९६३ मध्ये ताशी २५६ किलोमीटर वेग गाठून पाहिला आणि तिथे उमगलेल्या गोष्टी उरलेल्या मार्गासाठी वापरल्या. नंतर तोच तुकडा मुख्य मार्गात सामावून घेतला.

प्रश्न : चाचणीत गाडी मंजूर वेगाहून जास्त वेगाने पळवतात, असे ऐकले. हे जाणूनबुजून धोका पत्करणे नव्हे काय?

मार्ग रोजच्या वेगाच्या अगदी काठावर उभा नाही, त्याच्या पलीकडेही थोडी शिल्लक आहे, हे दाखवण्यासाठी अशी चाचणी लागते. मंजूर वेगापेक्षा सुमारे १० टक्के जास्त वेगाने हादरे व जोर मर्यादेत राहिले, म्हणजे रूळ आणि चाके काहीशी झिजल्यावरही रोजचा प्रवास सुरक्षित राहील असे म्हणता येते. परंतु या चाचणीत एक गोष्ट वेगळी घडते. गाडीचा वेग आपोआप रोखणारी यंत्रणा अशा वेळी बंद ठेवावी लागते, कारण ती चालू असेल तर वेग ओलांडताक्षणी ब्रेक लावील. जे काम यंत्र करत होते, ते त्या दिवशी माणसांच्या योजनेवर आणि आपसांतल्या बोलण्यावर येऊन पडते.

फ्रान्समध्ये १४ नोव्हेंबर २०१५ रोजी स्ट्रासबूर्गजवळ एकवेर्सहाइम येथे नेमके हेच बिघडले. पूर्व फ्रान्सच्या नव्या मार्गाच्या दुसऱ्या टप्प्यावर चाचणीची टीजीव्ही (फ्रान्सची अतिवेगवान गाडी) धावत होती. सुमारे ९४५ मीटर त्रिज्येच्या वळणावर तिने ताशी १७६ किलोमीटरने शिरायचे होते. ब्रेक उशिरा लागल्यामुळे ती २६५ ने शिरली. बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने तो ठरवलेल्यापेक्षा सव्वादोन पट झाला. गाडी रुळांवरून उतरली आणि गाडीतील ५३ जणांपैकी ११ जण मृत्युमुखी पडले. त्या गाडीत चाचणीशी काहीच संबंध नसलेले पाहुणे होते, लहान मुलेही होती. रूळ, गाडी वा वळण यांपैकी कशातही दोष नव्हता. ब्रेक कोणत्या किलोमीटरला लावायचा आणि तो निर्णय कोणाचा, हे पुरेसे पक्के नव्हते.

या घटनेवरून जादा वेगाच्या चाचण्या बंद कराव्यात, असे मला वाटत नाही. मात्र ब्रेक लावण्याची जागा आधी गणिताने काढून लेखी द्यावी, चालकाला सूचना देणारा माणूस एकच असावा, चालककक्षात गर्दी नसावी आणि ज्याचे गाडीत काम नाही तो कितीही मोठा असला तरी गाडीत नसावा, या चार गोष्टींवर तडजोड होता कामा नये. चाचणीची गाडी हा सोहळा नव्हे.

प्रश्न : पूर्वी रुळांच्या सांध्यांत फट ठेवत. आता कित्येक किलोमीटर सलग जोडलेले रूळ असतात. ते उन्हाळ्यात वाकत नाहीत का?

मोकळा ठेवलेला एक किलोमीटरचा रूळ ३० अंशांच्या तापमानवाढीने सुमारे ३५ सेंटीमीटर वाढेल. सलग रुळाला ती वाढ करू दिली जात नाही. रुळांखालचे आडवे स्लीपर, रूळ त्यांना जखडणाऱ्या क्लिपा आणि खडी त्याला जागेवर धरून ठेवतात आणि न झालेली वाढ दाब म्हणून रुळातच कोंडून राहते. मीटरमागे ६० किलो वजनाच्या रुळात ३० अंशांना हा दाब सुमारे ५५ टनांचा होतो. खडीचे खांदे, म्हणजे स्लीपरच्या टोकांबाहेरचे खडीचे ढीग, अपुरे असतील, तर रूळ बाजूला उसळू शकतो, म्हणून आपली शंका अस्थानी नाही.

त्यावरचा उपाय प्रत्यक्ष पाहण्यासारखा असतो. उन्हाळा आणि हिवाळा यांच्या दरम्यानचे, पण थोडे गरम बाजूला झुकणारे एक तापमान ठरवतात. त्या तापमानाला रुळात ताणही नको आणि दाबही नको. काम बहुधा थंड वेळी चालते. काही शे मीटरच्या क्लिपा काढतात, रूळ उचलून छोट्या रोलरांवर ठेवतात आणि घर्षणाने कुठे अडकून राहू नये म्हणून त्याला हातोड्यांनी बाजूने ठोकत जातात. ठरावीक अंतरांवर रुळाच्या पायावर खुणेच्या रेघा मारलेल्या असतात. रुळाचे तापमान ठरवलेल्यापेक्षा १० अंश कमी असेल, तर ५०० मीटर लांबीला सुमारे ५८ मिलिमीटर ताण द्यायचा. हायड्रॉलिक यंत्र रूळ खेचू लागते, तेव्हा प्रत्येक खुणेपाशी बसलेला माणूस आपली रेघ किती सरकली हे मोठ्याने सांगतो. टोकाची रेघ ५८ मिलिमीटर सरकली आणि मधली २९ ऐवजी २० च सरकली, तर रूळ वाटेत कुठेतरी अडकला आहे, हे उघड होते आणि काम थांबते. हिशेब जुळल्यावरच क्लिपा लावून सांधा वितळलेल्या पोलादाने भरतात. त्या दिवसाची तापमाने वहीत राहतात. पुढे रूळ कापून जोडायची वेळ आली, की तीच वही उघडतात.

प्रश्न : फ्रान्समध्ये २००७ मध्ये रेल्वेगाडीने ताशी ५७४.८ किलोमीटर वेग गाठला. मग प्रवाशांना ३२० वरच का थांबवतात?

३ एप्रिल २००७ चा तो विक्रम खरा आहे; पण त्यासाठी गाडी आखूड केली होती, चाके मोठी बसवली होती आणि विजेचा दाब २५ हजारांवरून ३१ हजार व्होल्टपर्यंत नेला होता. सर्वांत महत्त्वाचा बदल वरच्या तारेत होता. ताणलेल्या दोरीला झटका दिला की लाट पुढे धावते, तशीच पेंटोग्राफच्या रेट्याने तारेत लाट उठते. गाडी त्या लाटेला गाठू लागली, की तार उसळते, ठिणग्या उडतात आणि तुटण्याची वेळ येते. नेहमीच्या वाहतुकीत गाडीचा वेग लाटेच्या वेगाच्या सुमारे ७० टक्क्यांच्या आत ठेवतात. लाट जलद करण्यासाठी त्या दिवशी तारेचा ताण सुमारे चार टनांवर नेला होता. असा ताण, एवढी वीज आणि रुळांची एवढी झीज रोज सोसणे परवडणारे नाही.

प्रश्न : आमचे घर नव्या मार्गापासून साठ मीटरवर आहे आणि जमीन मऊ, चिकणमातीची आहे. हादऱ्यांनी घराला धोका आहे का? आम्ही काय करावे?

घरापर्यंत पोहोचणारे हादरे बहुधा त्रासदायक असतात, इमारतीला इजा करण्याइतके क्वचितच असतात. परंतु मऊ जमिनीचा उल्लेख आपण केलात, हे महत्त्वाचे आहे. अशा मातीत पृष्ठभागावरून जाणाऱ्या लाटांचा वेग इतका कमी असू शकतो की गाडीच त्यांना गाठते. स्वीडनमध्ये पश्चिम किनाऱ्याच्या मार्गावर लेड्सगोर्ड येथे १९९७ मध्ये हे अनुभवास आले. एक्स-२००० या तिथल्या वेगवान गाड्या ताशी २०० किलोमीटरकडे जाऊ लागताच भराव आणि आसपासची जमीन अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त हलू लागली. तिथे वेग उतरवावा लागला आणि पुढे चुना व सिमेंट मिसळून जमिनीत खांब तयार करून माती घट्ट केली गेली. वाहतूक सुरू झाल्यावर हे काम करणे महागात पडते. बांधणीच्या आधी मातीची नीट तपासणी केली, तर तेच काम पुष्कळ सोपे असते.

आपण दोन गोष्टी कराव्यात. आपल्या परिसरात मातीची कोणती तपासणी झाली आणि ती सुधारण्यासाठी काय केले, हे मार्ग बांधणाऱ्या संस्थेला लेखी विचारावे. त्याचबरोबर गाड्या धावण्यापूर्वी एकदा आणि चाचणीच्या पूर्ण वेगात एकदा आपल्या घराच्या पायापाशी हादरे मोजून देण्याची मागणी करावी. पहिली मोजणी झाली नसेल, तर दुसरीचा आकडा कशाशी ताडून पाहायचा, हा वाद कायम राहतो. भिंतींना आज असलेल्या भेगांची छायाचित्रे मोजपट्टी आणि तारखेसह आताच काढून ठेवावीत.