सिनसिनाटीची स्ट्रीटकार: बांधायची की नाही यावर सहा वर्षं भांडलो, चालवायची कशी यावर पंधरा दिवस

तुमचा प्रश्न असा, की नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात स्ट्रीटकार, म्हणजे रस्त्यातल्या रुळांवरून धावणारी ट्राम, येऊ घातली आहे, त्यासाठी लोकांचं मत घेतलं नाही, २०२५ च्या महापौर निवडणुकीतही त्यावरून जुंपली. असं भांडण होऊन जिथे ती प्रत्यक्ष झाली तिथल्या कुणीतरी सांगावं, शेवटी उपयोग होतो का? आणि 'त्यापेक्षा बस वाढवा' म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे का?

मी २००६ पासून ओहायोतल्या सिनसिनाटीत आहे. आधी शिकायला म्हणून क्लिफ्टनच्या टेकडीवर, विद्यापीठाशेजारी राहायचे. नंतर नोकरी डाउनटाउनमध्ये लागली आणि अजून तिथेच जाते. त्यामुळे हे प्रकरण कागदावरच्या रेघेपासून आजपर्यंत पाहिलं आहे. उपयोग होतो. पण रूळ पडल्यावर चार वर्षं तो जेमतेमच होत होता, आणि ही चार वर्षं आम्ही स्वतःच्या हाताने घालवली. लिहायचं आहे ते मुख्यतः त्याबद्दल.

थोडं मागे जायला हवं, कारण इथे रुळांचा विषय निघाला की माणसं शंभर वर्षांमागचं उकरून काढतात. सिनसिनाटीत सेंट्रल पार्कवे नावाचा रुंद रस्ता आहे. तिथे पूर्वी कालवा होता, आणि कालव्यापलीकडच्या जर्मन वस्तीला म्हणून 'ओव्हर-द-ऱ्हाइन' नाव पडलं. कालवा बुजवून त्या जागी भुयारी रेल्वे करायची असं १९१६ मध्ये मतदारांनी साठ लाख डॉलरचे रोखे मंजूर करून ठरवलं. काम १९२० ला सुरू झालं, तोवर युद्धामुळे किमती कुठच्या कुठे गेल्या होत्या. पैसे संपले आणि १९२७ मध्ये काम थांबलं. दोन मैलांच्या आसपास भुयार तयार, फलाट तयार, आणि गाडी एकही नाही. त्या रोख्यांची फेड पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडलं. जुन्या ट्रामही १९५१ मध्ये बंद झाल्या. 'या शहराला रेल्वे झेपत नाही' हे वाक्य मी इथे इतक्यांदा ऐकलं आहे! विरोधक भुयाराचं उदाहरण द्यायचे, ते रेल्वे काढूच नका म्हणून. समर्थकही तेच द्यायचे, ते हातात घेतलेलं अर्धवट टाकू नका म्हणून.

आताच्या स्ट्रीटकारची चर्चा २००७ च्या सुमारास महापौर मार्क मॅलरी यांच्या काळात सुरू झाली. मूळ कल्पना ओहायो नदीकाठापासून डाउनटाउन, ओव्हर-द-ऱ्हाइन, आणि तिथून व्हाइन स्ट्रीटचा चढ चढून विद्यापीठ आणि आसपासची हॉस्पिटलं, अशी होती. शहरातल्या नोकऱ्यांची दोन मोठी ठिकाणं, डाउनटाउन आणि टेकडी, त्याने जोडली जाणार होती. आम्हा विद्यार्थ्यांना तर ती आमचीच वाटायची.

विरोध एका गटाचा नव्हता, हे तुम्ही लक्षात घ्या. करवाढीला विरोध करणारी 'कोस्ट' ही पुराणमतवादी संघटना आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीची इथली शाखा, दोघी एका बाजूला होत्या. पहिल्यांचं म्हणणं साधं होतं, पैसे उधळू नका. दुसऱ्यांचं म्हणणं मला आजही गंभीर वाटतं. ॲव्हनडेल, बाँड हिल अशा वस्त्यांमधली माणसं तासाला एक येणाऱ्या बसची वाट बघत उभी असताना, झपाट्याने महाग होणाऱ्या ओव्हर-द-ऱ्हाइनमध्ये रूळ का टाकायचे? पण सगळे कृष्णवर्णीय नगरसेवक विरोधात होते असंही नाही. वेंडेल यंग शेवटपर्यंत बाजूने उभे राहिले.

विरोधकांनी दोनदा मतदान घडवून आणलं. २००९ च्या ठरावात 'कुठल्याही प्रवासी रेल्वेवर' खर्च करण्याआधी जनमत घ्यावं असं म्हटलं होतं. शब्द इतके सैल ठेवले होते, की स्ट्रीटकारशी देणंघेणं नसलेले लोकही बिचकले आणि ठराव पडला. २०११ चा ठराव तर २०२० संपेपर्यंत स्ट्रीटकारवर पैसाच खर्चू नका असं सांगत होता. तोही पडला, पण अगदी थोडक्यात. मला तेव्हा इथे मताचा हक्क नव्हता. माझ्या ऑफिसातल्या दोघी शेजारी बसून विरुद्ध बाजूंना मत देऊन आल्या होत्या आणि आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, एवढं आठवतं.

पण मतदानात न हरलेली योजना दुसरीकडे कापली गेली. २०११ मध्ये गव्हर्नर जॉन कॅसिक यांच्या काळात राज्याने कबूल केलेले सुमारे ५.२ कोटी डॉलर काढून घेतले. तेवढ्यात बसावं म्हणून टेकडीकडची फांदी छाटली गेली. राहिली ती नदीकाठ ते ओव्हर-द-ऱ्हाइन अशी ३.६ मैलांची फेरी, १८ थांबे. एकदा टेकडी गेल्यावर विरोधकांना 'कुठूनही कुठेच न जाणारी गाडी' असं म्हणायला सोपं झालं, आणि त्यांना उत्तर देणं आम्हाला अवघड झालं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं नुकसान हे.

२०१२ च्या फेब्रुवारीत भूमिपूजन झालं. मग जमिनीखालच्या वीज-गॅसच्या वाहिन्या रुळांपासून किती लांब हलवायच्या आणि तो खर्च कोणी द्यायचा, यावरून शहर आणि वीज-गॅस पुरवणारी ड्यूक एनर्जी कंपनी यांच्यात वाद होऊन तो कोर्टात गेला. बांधकामाच्या निविदा अंदाजापेक्षा वर आल्या. २०१३ च्या जूनमध्ये आणखी १.७४ कोटी डॉलर कौन्सिलने ५ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केले. त्याच नोव्हेंबरात जॉन क्रॅनली महापौर झाले. ते आणि त्यांच्या प्रतिस्पर्धी रॉक्सॅन क्वॉल्स दोघेही डेमोक्रॅट. फरक होता तो स्ट्रीटकारचा, आणि क्रॅनली ती थांबवण्याचं वचन देऊन मोठ्या फरकाने निवडून आले होते.

डिसेंबर २०१३ मी विसरणार नाही. ४ तारखेला नव्या कौन्सिलने काम थांबवलं. रस्ता अर्धा खोदलेला, रूळ काही ठिकाणी पडलेले, गाड्यांची ऑर्डर गेलेली. केपीएमजी या हिशेबतपासनीस कंपनीकडून घाईने हिशेब करून घेतला. पूर्ण करायला आणखी ६.८९ कोटी डॉलर लागणार, आणि बंद करायलाही १.६३ ते ४.६१ कोटी लागणार, असं त्यात निघालं. शिवाय केंद्र सरकारचं जवळजवळ ४.५ कोटींचं अनुदान हातचं जाणार. क्रॅनलींनी अट घातली, की चालवण्याचा पुढच्या तीस वर्षांचा भार शहरावर पडणार नाही अशी हमी कोणीतरी द्या. हाइल फाउंडेशन ही इथली देणगी देणारी संस्था पुढे आली, दहा वर्षांत ९० लाख डॉलरपर्यंत देण्याची हमी घेऊन. महापौरांचा नकाराधिकार ओलांडायला नवांपैकी सहा मतं लागतात. डेव्हिड मान आणि केव्हिन फ्लिन हे दोघे कुंपणावर होते. १९ तारखेला दोघांनी 'चालू ठेवा' म्हणून मत दिलं आणि ६-३ ने काम पुन्हा सुरू झालं. मी त्या दिवशी सिटी हॉलच्या जिन्यात गर्दीत उभी होते. अनोळखी बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या, मीही मारली.

आज मागे वळून पाहताना फ्लिन यांनी लावून धरलेला प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: ही गाडी रोज चालवायचे पैसे कुठून येणार? तो २००७ मध्ये विचारायचा प्रश्न होता. आम्ही समर्थकांनी तो टाळला, कारण विचारला की विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल असं वाटायचं. ती आमची चूक होती.

सप्टेंबर २०१६ मध्ये गाडी सुरू झाली. एकूण खर्च १४.८ कोटी डॉलरच्या घरात. दिवसाला तीन हजारांच्या आसपास प्रवासी येतील असा अंदाज होता, पहिला उत्साह ओसरल्यावर आकडा त्याच्या बराच खाली राहिला. विरोधकांना 'बघा, सांगितलं नव्हतं?' म्हणायची सोय झाली.

कारण मला दाखवलं ते माझ्या वडिलांनी. बाबांचं बालपण दादरचं. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, पण 'दादर टी.टी.' म्हणजे ट्राम टर्मिनस हे नाव अजून त्यांच्या तोंडी आहे. २०१७ मध्ये ते आले तेव्हा आम्ही दोघं फाउंटन स्क्वेअरहून फिंडले मार्केटला भाजी आणायला निघालो. गाडी थांब्यावरून सुटली आणि पुढच्याच चौकात लाल दिव्याला थांबली. आडव्या रस्त्यावर एक वाहन नाही. पुढच्या चौकात पुन्हा तेच. मग एक सामानाचा ट्रक रुळांना चिकटून उभा, त्याचा ड्रायव्हर येईपर्यंत बसलो, कारण गाडीला बाजूने काढून नेता येत नाही. बाबांनी विचारलं, "हिच्यासाठी कुणी सिग्नल सोडत नाही का गं?" मी शहाण्यासारखी काहीतरी तांत्रिक कारणं सांगू लागले, आणि बोलता बोलता लक्षात आलं, की सहा वर्षांच्या भांडणात, ज्या एवढ्या सभांना मी गेले त्यात, सिग्नलबद्दल एकही माणूस बोललेला मला आठवत नव्हता. मीसुद्धा नाही.

त्यात मालकी विभागलेली. गाडी आणि रूळ शहराचे, देखरेख बस चालवणाऱ्या प्राधिकरणाकडे, प्रत्यक्ष चालवायला खासगी कंत्राटदार. गाडी उशिरा आली तर जाब कुणाला विचारायचा, हे थांब्यावर उभ्या माणसाला कळत नव्हतं. तिकीट दोन तासांना एक डॉलर, पण यंत्रापाशी खटपट करायची आणि तेवढ्यात गाडी निघून जायची. पाच-सहा चौकांसाठी लोक चालत जाणं पसंत करायचे, त्यांना दोष देता येत नाही.

२०२० च्या जानेवारीत शहराने सगळा कारभार स्वतःकडे घेतला. कोविडमुळे बंद पडलेली गाडी त्याच वर्षी पुन्हा सुरू झाली तेव्हा तिकीट काढून टाकलं. त्यानंतर जे झालं ते आम्हा समर्थकांनाही अपेक्षित नव्हतं. २०२३ मध्ये वर्षाच्या प्रवाशांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. तेच रूळ, त्याच गाड्या. आता शनिवारी फिंडले मार्केटच्या थांब्यावर पिशव्या घेतलेली म्हातारी माणसं, बाबागाड्या, व्हीलचेअरवरचे लोक दिसतात. डब्याचा तळ फलाटाच्या उंचीलाच आहे, फलाटावरून थेट आत जाता येतं. बसमध्ये चढताना उतरती फळी खाली यायची वाट बघावी लागते, तशी इथे लागत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला स्वतःला याची किंमत कळली.

तुमच्या बसच्या प्रश्नाबद्दल. 'स्ट्रीटकार रद्द करा, बस वाढवा' असं म्हणणाऱ्यांना विचारा, की रद्द केल्यावर तो पैसा खरोखर बसला जाणार आहे का. आमच्याकडे तसं नव्हतं. केंद्राचं अनुदान परत गेलं असतं आणि बसला एक छदामही मिळाला नसता. आमची बस मुख्यतः शहरातल्या लोकांच्या कमाईवरच्या ०.३ टक्के करावर चालायची आणि ती तुटपुंजीच होती. तो प्रश्न सुटायला हॅमिल्टन काउंटीत २०२० चं स्वतंत्र मतदान लागलं. विक्रीकर ०.८ टक्क्याने वाढवून बस आणि रस्त्यांना पैसा द्यायचा ठराव तेव्हा काठावर मंजूर झाला. त्यासाठी स्ट्रीटकारचे अनेक समर्थक दारोदार हिंडले. ॲव्हनडेलच्या लोकांची तक्रार खरी होती, आणि तिचं उत्तर स्ट्रीटकार पाडून मिळणार नव्हतं.

कॅन्सस सिटीचंही बघा, तुम्हाला आमच्यापेक्षा जवळ आहे. तिथे लाइनच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्याचा एक खास जिल्हा केला, २०१२ मध्ये तिथल्याच मतदारांनी स्वतःवर कर लावून घेतला, आणि २०१६ ला पहिल्या दिवसापासून गाडी फुकट ठेवली. चालवायचा पैसा आधी ठरलेला असल्यामुळे दर निवडणुकीत गाडीच्या जिवावर बेतलं नाही. २०२५ मध्ये त्यांनी दक्षिणेकडे विद्यापीठापर्यंत लाइन वाढवलीसुद्धा.

तुमच्याकडे लाइनच्या आसपासच्या मालमत्तांच्या किमती वाढून जो जादा कर येईल, त्यातून रोखे फेडायचे असं ठरलंय. त्यातून बांधकाम होईल, पण पुढच्या सुनावणीला जाऊन रोजच्या चालवण्याचं विचारा: दर वर्षीचा खर्च कोणत्या खात्यातून, तिकीट लावणार का, सिग्नल गाडीला वाट देणार का, रुळांवर ट्रक उभा राहिला तर उचलणार कोण आणि किती मिनिटांत. उत्तरं लेखी घ्या. विरोधकांनाही हेच प्रश्न विचारायला सांगा, त्यांनाही ते पटतील.

आणि एक. तुमची लाइन डाउनटाउनहून ४२व्या रस्त्यापर्यंत, मेडिकल सेंटरपाशी जायची आहे. खर्च वाढला की 'सध्या अलीकडेच थांबू, ते टोक दुसऱ्या टप्प्यात करू' असं कुणीतरी म्हणेलच. आमच्याकडे २०११ मध्ये हेच म्हणाले होते. आमची गाडी अजूनही टेकडीच्या पायथ्याशी हेन्री स्ट्रीटला वळसा घालून परत फिरते, आणि विद्यापीठात जायला मला तिथून पुढे बस पकडावी लागते.