नवी गाडी घेतलीत? आधी एवढंच सांभाळा
अभिनंदन! सगळं एकदम शिकायची गरज नाही. टायर आधी. हवा महिन्यातून दोनदा, टायर गार असताना तपासा, स्टेपनीचीही. किती भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा. नवखे चुकून नेमकी तेवढीच हवा भरतात. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिमीवर आली की टायर बदलाच. पावसाळ्यात घाट उतरणार असाल तर त्याआधीच.

बाकी थोडक्यात:
- ऑइल: सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा.
- कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव): इंजिन गरम असताना झाकण अजिबात उघडू नका.
- ब्रेक खरखरले तर सर्व्हिसिंगची वाट बघू नका.

गॅरेजवाला इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं) वगैरे सुचवेल. मॅन्युअलमध्ये नसेल तर सरळ नाही म्हणा.