मांजराने धरलेली कोंबडी, आधी काय करायचं
आधी तिला बाकीच्यांपासून वेगळं करा, रक्त दिसलं की त्याच जखमेवर टोचत बसतात. पुठ्ठ्याचा खोका, जुना टॉवेल, अंधार, ऊब, बास, शॉकनेही जातात बिचाऱ्या. मग फुंकर मारत पिसं बाजूला करून बघा, वरून काहीच दिसत नाही आणि पंखाखाली दाताची दोन भोकं निघतात. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, सिरिंजने धुवा, बीटाडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करूनच. भोकं शिवू नका, आत पू होतो. मांजर चावलंय म्हणजे जखम टिकलीएवढी असली तरी व्हेटकडे न्याच, अँटिबायोटिक लागतं. आणि माश्या! माझ्या एकीला दुसऱ्याच दिवशी अळ्या झाल्या होत्या, तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ पिसं उचलून बघते.