निहाल सरीनचा वेग येतो कुठून?

त्रिशूरचा ग्रँडमास्टर निहाल सरीन आणि ऑनलाइन खेळले जाणारे अतिजलद बुद्धिबळ यांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी तीन-तीन मिनिटांचे डाव खेळत बसतो. मोठा डाव मांडायला सांगितले, की म्हणतो, “निहालही असाच खेळून मोठा झाला.” हे कितपत खरे आहे?
*(एक पालक, इचलकरंजी)*

तुमच्या मुलाचे म्हणणे निम्मे खरे आहे आणि उरलेले निम्मे त्याला कोणीतरी सांगणे आवश्यक आहे. निहाल लहानपणापासून अतिजलद डाव खूप खेळला, ते त्याला मनापासून आवडतात आणि आजही त्याचे नाव निघाले की जाणकारांना आधी त्याचे ऑनलाइन डाव आठवतात, हे खरेच आहे. परंतु घटना कोणत्या क्रमाने घडल्या, ते पाहायला हवे. 13 जुलै 2004 रोजी जन्मलेल्या या मुलाला शाळेच्या सुट्टीत आजोबांनी पट मांडून खेळ शिकवला. 2014 मध्ये डर्बन येथे तो दहा वर्षांखालील गटाचा विश्वविजेता झाला, ती स्पर्धा दीर्घ डावांची होती. 2018 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याने ग्रँडमास्टर किताबाच्या अटी पूर्ण केल्या आणि पुढच्याच वर्षी 2600 रेटिंगचा (खेळाडूच्या ताकदीचे गुणांकन) टप्पा ओलांडला. हे सगळे डाव समोरासमोर बसून, तासन्‌तास विचार करून आणि प्रत्येक चाल कागदावर नोंदवून खेळलेले होते.

ऑनलाइन कुमारांच्या स्पीड चेस स्पर्धेचे विजेतेपद त्याला 2020 मध्ये, म्हणजे या सगळ्यानंतर मिळाले. अंतिम सामन्यात त्याने रशियाच्या अलेक्सी सारानाला 18-7 असे हरवले, आणि 2021 मध्ये ते विजेतेपद पुन्हा पटकावले. मुलाला तीन मिनिटांचे डाव बंद करायला सांगू नका, त्यात त्याचा आनंद आहे. मात्र दीर्घ डावांचा पाया घालण्याचे काम या डावांनी होणार नाही, एवढे त्याला निहालचेच उदाहरण देऊन सांगता येईल.

प्रश्न : निहालची खेळण्याची शैली नेमकी कशी आहे? एवढ्या कमी वेळात त्याला चाली दिसतात तरी कशा?
*(एक महाविद्यालयीन खेळाडू, नाशिक)*

अतिजलद बुद्धिबळ म्हटले, की मोहऱ्यांचे बळी देत राजावर चालून जाणारा खेळाडू आपल्या डोळ्यांसमोर येतो. निहालचे डाव पाहिले तर हे चित्र बदलावे लागते. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना तो अनेकदा इटालियनसारखी शांत सुरुवात निवडतो, मोहरी एकमेकांना जोर देतील अशा घरांवर आणतो, राजा वेळीच सुरक्षित करतो आणि समोरच्याच्या एखाद्या दुबळ्या प्याद्यावर हळूहळू दाब वाढवत नेतो. माझ्या मते त्याच्या वेगाचे मुख्य कारण याच साधेपणात आहे. मोहरी एकमेकांना धरून उभी असली, की दर चालीला सगळा पट नव्याने तपासावा लागत नाही. ज्याची दोन मोहरी बिनजोर, म्हणजे संरक्षणाविना, लटकत असतात, त्याला मात्र प्रत्येक चालीपूर्वी धोक्यांची मोजदाद करावी लागते आणि त्यातच त्याचे सेकंद खर्च होतात.

चाली दिसण्याविषयी मानसशास्त्रात जुने आणि महत्त्वाचे काम झालेले आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान दे ग्रूट यांनी अव्वल आणि साधारण खेळाडूंच्या विचारप्रक्रियेची तुलना केली, तेव्हा अव्वल खेळाडू फार पुढच्या चालींपर्यंत पाहतात असे काही आढळले नाही. योग्य चालीकडे त्यांचे लक्ष लवकर जाते, हा फरक ठळकपणे दिसला. पुढे 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावांतील स्थिती खेळाडूंना काही सेकंद दाखवून पुन्हा मांडायला लावल्या. निष्णात खेळाडूंनी त्या नवोदितांपेक्षा कितीतरी अचूक मांडल्या. पण मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवली, तेव्हा त्यांची ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. निष्णात खेळाडू सुटी मोहरी लक्षात ठेवत नाही, त्याला ओळखीचे पुंजके दिसतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे पुंजके मनात साठण्यासाठी कधीतरी सावकाश अभ्यास झालेला असावा लागतो.

एक उदाहरण बारकाईने पाहू. पांढऱ्याकडे राजा, हत्ती आणि पाचव्या ओळीवर पोहोचलेले एक प्यादे आहे; काळ्याकडे फक्त राजा आणि हत्ती आहे. काळ्याचा राजा त्या प्याद्याच्या वाटेवर, शेवटच्या ओळीत उभा आहे. काळ्याच्या घड्याळात आठ सेकंद उरले आहेत. ज्याला हा अंतिम डाव माहीत नाही, तो घाबरून शह देत सुटतो आणि सहसा हरतो. ज्याला माहीत आहे, तो आपला हत्ती सहाव्या ओळीवर ठेवतो, म्हणजे पांढऱ्याच्या राजाला पुढे येता येत नाही, आणि त्याच ओळीवर हत्ती इकडून तिकडे हलवत राहतो. कंटाळून पांढऱ्याने प्यादे सहाव्या ओळीवर ढकलले, की हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह द्यायला लागायचे. प्यादे पुढे गेल्यामुळे पांढऱ्याच्या राजाला आता आडोसा उरलेला नसतो. डाव बरोबरीत सुटतो. ही फिलिडोरची रीत अठराव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. ती हाडीमाशी खिळलेल्या खेळाडूला या आठ सेकंदांत जवळजवळ काहीच विचार करावा लागत नाही. निहालकडे अशा स्थितींचा मोठा साठा आहे, म्हणून डाव अंतिम टप्प्यात जाऊ लागला की त्याची गती कमी न होता वाढते. प्रतिस्पर्ध्याला मात्र तेथेच पहिल्यांदा डोके खाजवावे लागते.

शेवटच्या काही सेकंदांतली त्याची आणखी एक सवय लक्षात घेण्यासारखी आहे. वेळ कमी असली तरी तो सहसा निरर्थक चाल करत नाही. छोटी का होईना, पण उत्तर शोधायला लावणारी धमकी देतो. ज्याला उत्तर शोधावे लागते, त्याचे घड्याळ पळते.

प्रश्न : माऊस चालवण्याच्या कौशल्यावर जिंकलेल्या डावाला बुद्धिबळ म्हणावे का?
*(एक निवृत्त शिक्षक, अकोला)*

आपला आक्षेप गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. एक मिनिटाच्या डावात हाताच्या सफाईचा वाटा मोठा असतो. तरीही ऑनलाइन खेळातील एका युक्तीकडे पाहावे. समोरच्याची चाल व्हायच्या आत आपली चाल आधीच नोंदवून ठेवता येते, तिला प्रीमूव्ह म्हणतात. चेस डॉट कॉम या संकेतस्थळावर अशा चालीला सेकंदाचा फक्त दहावा भाग लागतो. समोरचा आपला घोडा मारणार असे वाटत असेल आणि आपण त्याच घरावर उलट मारण्याची चाल नोंदवून ठेवली, तर त्याने मारल्यास आपली चाल तत्काळ होते. त्याने न मारल्यास तेथे आपलाच घोडा उभा असल्यामुळे ती चाल नियमबाह्य ठरून आपोआप रद्द होते आणि आपले काहीच बिघडत नाही. याउलट राजाची चाल अशी आधी नोंदवून ठेवली, तर समोरच्याच्या अनपेक्षित चालीमुळे वजीर फुकट जाऊ शकतो. कोणती चाल आधी नोंदवणे सुरक्षित आहे, हे ठरवायला बुद्धिबळच लागते.

तंत्रज्ञानाचा फटका मात्र खरा आहे. 30 ऑगस्ट 2020 रोजी ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या (देशांच्या संघांची बुद्धिबळ स्पर्धा) अंतिम लढतीत रशियाविरुद्धची पहिली फेरी 3-3 अशी सुटली होती. दुसऱ्या फेरीत इंटरनेटची जोडणी तुटली आणि निहाल व नागपूरची दिव्या देशमुख हे दोघे वेळ संपल्यामुळे आपले डाव हरले. भारताने दाद मागितल्यावर जागतिक महासंघाने दोन्ही संघांना संयुक्त सुवर्णपदक दिले. तो निर्णय न्याय्य होता, असे मला वाटते.

प्रश्न : ऑनलाइन एवढा प्रभावी असलेला निहाल दीर्घ डावांत त्याच वेगाने वर का गेला नाही? त्याच्यात सुधारणा झाली ती कशी?
*(एक वाचक, पुणे)*

तो वर गेला नाही असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. 2018 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे जागतिक ब्लिट्झ (अतिजलद डावांच्या) स्पर्धेत, चौदा वर्षांचा असताना, तो अकराव्या क्रमांकावर आला. 2019 च्या विश्वचषकात त्याने पेरूच्या होर्हे कोरीला पहिल्या फेरीत 2-0 असे हरवले. महासाथीमुळे समोरासमोरच्या स्पर्धा थांबल्या. त्या पुन्हा सुरू होताच 2021 च्या उन्हाळ्यात त्याने सर्बियातील सिल्व्हर लेक आणि सर्बिया ओपन या दोन स्पर्धा पाठोपाठ जिंकल्या. घरात बसून ऑनलाइन खेळलेल्या काळात त्याची धार बोथट झाली नव्हती, याचा हा पुरावाच होता. 2022 मध्ये मामल्लपुरम्‌च्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या दुसऱ्या संघाने कांस्यपदक जिंकले आणि निहालने दुसऱ्या पटावर 10 डावांत 7.5 गुण मिळवून वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले. त्या संघात नागपूरचा रौनक साधवानीही होता.

तरीही आपल्या प्रश्नाचा रोख बरोबर आहे. 2600 ओलांडल्यानंतर 2700 च्या जवळ पोहोचायला त्याला कित्येक वर्षे लागली, आणि त्याच्याच संघातला गुकेश या काळात विश्वविजेता झाला. वेगाने खेळण्याच्या सवयीचा एक फायदा असा, की दीर्घ डावातही निहाल सहसा वेळेच्या कचाट्यात सापडत नाही. दुसरी बाजू अशी, की एखाद्या डावात अशी स्थिती येते जेथे पहिली सुचलेली चाल चांगली असते, पण तिसरी चाल जिंकून देणारी असते; ती सापडण्यासाठी वीस मिनिटे पटासमोर अस्वस्थपणे बसून राहावे लागते. ज्याला चांगली चाल दोन सेकंदांत दिसते, त्याला हे बसणे इतरांपेक्षा अवघड जाते. माझ्या समजुतीप्रमाणे निहालची खरी प्रगती या बाबतीत मोजायला हवी. अनेक वर्षे त्याला मार्गदर्शन करणारे श्रीनाथ नारायणन हे स्वतः ग्रँडमास्टर आहेत आणि 2024 च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधारही तेच होते.

प्रश्न : मी लहान मुलांना शिकवतो. मुले तीन मिनिटांचे डाव खेळणारच. त्यांतून त्यांचा काही फायदा करून देता येईल का?
*(एक प्रशिक्षक, पेडणे)*

निश्चितच देता येईल. पहिली गोष्ट म्हणजे, दर चालीला दोन सेकंद वाढवून मिळतील अशा घड्याळावर त्यांना खेळवा. जागतिक ब्लिट्झ स्पर्धेतही तीन मिनिटे आणि दर चालीला दोन सेकंद हाच नियम आहे. वाढीव सेकंद नसतील तर बरोबरीचा अंतिम डावही केवळ समोरच्याची वेळ संपेपर्यंत मोहरी हलवत राहण्याची सवय मुलांना लागते आणि आपण वर पाहिलेली फिलिडोरसारखी रीत त्यांच्या हाती कधीच येत नाही.

दुसरे असे, की सलग डाव खेळू देऊ नका. पाच डाव झाले की थांबून, हरलेल्यांपैकी एकच डाव निवडावा आणि संगणकाची मदत न घेता, आपल्याला धोका पहिल्यांदा कोणत्या चालीला जाणवायला हवा होता, ते मुलाने स्वतः वहीत लिहावे. संगणक नंतर उघडावा. त्याच सुरुवातीचा एखादा निहालचा दीर्घ डाव शोधून, जेथे त्याने बराच वेळ घेतला असेल त्या चालीपाशी थांबून, पुढच्या चाली झाकून मुलांना विचारा, की येथे तुम्ही काय खेळाल आणि का. उत्तरासाठी त्यांना पूर्ण दहा मिनिटे द्या आणि त्या दहा मिनिटांत कोणालाही मोहऱ्याला हात लावू देऊ नका.