ताप आला नाही, मग लस लागू पडली का?

लस घेतली, पण ती ‘लागू’ पडली हे कशावरून? या पंधरवड्यातही बहुतेकांची शंका हीच.

प्रश्न : लस घेऊन ताप आला नाही. लस वाया गेली का? (सहकारनगर)

नाही. ताप म्हणजे पावती नव्हे.

प्रश्न : बाळाच्या दंडावर बीसीजीचा व्रण उठला नाही. शेजारच्या काकू म्हणतात, पुन्हा टोचून घ्या. (हडपसर)

पुन्हा टोचू नका. व्रण नसला तरी लस फुकट गेली असं होत नाही. कार्डावर नोंद आहे का ते बघा. नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, काकूंना नको.

प्रश्न : हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस दहा वर्षांपूर्वी झाले. तेव्हा अँटिबॉडी भरपूर होत्या, आता 10 च्या खाली आल्या. लॅबवाल्यांनी ‘इम्युनिटी पॅकेज’ सुचवलंय. संरक्षण संपलं का? (कोथरूड)

रिपोर्टात लाल ठशात छापलेला आकडा पाहून माणूस घाबरतो आणि पॅकेज खपतं. अहो, अँटिबॉडी काळानुसार ओसरतातच. लस दंडात टोचली की तिथल्या पेशी लशीतला अंश उचलून काखेतल्या लसिकाग्रंथीत नेतात. कधीकधी काखेत अवधाण येतं ते म्हणूनच. तिथे टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, त्याची ओळख पटते. सहायक टी पेशी बी पेशी या दुसऱ्या जातीकडून अँटिबॉडी बनवून घेतात. काही लशींमुळे मारक टी पेशीही तयार होतात. त्या विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशींचा निकाल लावतात. काम संपलं की यातल्या बहुतेक मरतात, थोड्या स्मृतिपेशी उरतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात शिरल्यावर आजार उमटायला काही आठवडे ते महिने लागतात. तेवढ्या अवधीत या पेशी वाढून कामाला लागतात. म्हणून निरोगी माणसात आकडा एकदा 10 च्या वर गेला असेल, तर पुढे घसरला तरी संरक्षण सहसा टिकतं. पॅकेजमध्ये व्हिटॅमिन डी असेल, थायरॉईड असेल. टी पेशींची स्मृती मोजलेली नसते. डायालिसिस, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असेल तर गणित वेगळं. तेव्हा रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांकडे न्या, लॅबच्या काउंटरवर चर्चा नको.

प्रश्न : आई 68 वर्षांची. नागीण होऊन गेली. आता लस घेऊन काय उपयोग? शिवाय विळखा पूर्ण झाला की माणूस जातो म्हणतात. (सदाशिव पेठ)

विळख्याची गोष्ट सोडून द्या. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो, टी पेशी त्याला दाबून ठेवतात. वयाबरोबर त्यांचा जोर ओसरला की तो नागीण होऊन उसळतो, आणि पुन्हाही उसळू शकतो. पन्नाशीनंतर घ्यायच्या लशीचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने देतात. महाग आहे, हे खरं. आईंच्या फिजिशियनना विचारून ठरवा.

प्रश्न : गल्लीतलं कुत्रं चावलं, जरासंच खरचटलंय. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवून मग इंजेक्शन घेतलं तर? (धनकवडी)

नाही! लस टोचल्यावर शरीराला स्वतःचं संरक्षण उभं करायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून तर रक्त आलेल्या जखमेत तयार अँटिबॉडीही भरतात. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि आजच दवाखान्यात जा. हळद-चुना लावून या उत्तराची वाट पाहत बसला असाल, तर आत्ता उठा.