बोर्दोत घर शोधताना आधी नदी बघा

तुम्ही विचारलंय, नाशिकची बाग भावाच्या हवाली करून बोर्दोला वाइनचं शिकायला येतोय, घर शहरात घ्यावं की द्राक्षांच्या गावात? आठ वर्षं इथे आहे, म्हणून सांगतो: भाडं नंतर, आधी नदी बघा.

दोन नद्या आहेत: बोर्दो शहरातून वाहणारी गारोन पिरेनीज डोंगरांतून येते, दोर्दोन्य मध्य फ्रान्सच्या डोंगरांतून. शहराच्या उत्तरेला दोघी मिळतात आणि तिथून समुद्रापर्यंत सुमारे 75 किलोमीटर जिरोंद. नदी कसली, खाडीच ती! पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ. या खाडीवर एकही पूल नाही. मी पहिल्या वर्षी स्वस्त म्हणून खाडीच्या पूर्व काठावरच्या ब्लाय गावात खोली घेतली. द्राक्षतोडणीचं काम समोरच्या काठावरच्या मेदोक भागात. नकाशात हाकेच्या अंतरावर! फेरीबोट आहे, आपल्या दाभोळ-धोपाव्यासारखी, ब्लाय ते लामार्क. पण शेवटची बोट चुकली की थेट बोर्दोपर्यंत जाऊन वळसा. दोनदा चुकली, तिसऱ्या महिन्यात खोली सोडली.

इथे सगळे ‘डावा काठ, उजवा काठ’ बोलतात. प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून उभं राहायचं. डावीकडे मेदोक: नद्यांनी वाहून आणलेले गोटे, पाणी झटकन निचरतं, म्हणून तिथे काबर्ने सोविन्यों जातीची द्राक्षं. उजवीकडे, दोर्दोन्यच्या पलीकडे, सेंत एमिलियों आणि पोमरोल: चिकणमाती, चुनखडी, आणि द्राक्षाची जात मेर्लो. मधल्या दुआबाचं नाव ‘दोन समुद्रांमधला’, कारण भरतीचं पाणी दोन्ही नद्यांत चढतं.

सोतेर्नला मात्र एकदा जाच. तिथे सिरों नावाची छोटीशी थंड नदी कोमट गारोनला मिळते, शरदात पहाटे धुकं धरतं आणि द्राक्षांवर बुरशी येते. आपण बुरशी दिसली की ट्रॅक्टरला ब्लोअर जोडतो; हे लोक तिची वाट बघतात! त्या सुरकुतलेल्या मण्यांचीच गोड वाइन होते.

तुमची वाइन संस्था शहराच्या दक्षिणेला विलनाव दोर्नोंमध्ये असेल, तर सें-जाँ स्टेशनच्या आसपास राहा. तिथून लिबूर्नला रेल्वेनं साधारण अर्धा तास, म्हणजे उजवा काठही हाताशी. मेदोककडे जाणाऱ्या गाड्या कमी, तिकडे काम मिळालं तर कार लागेल.

आपल्याकडच्या वर्षातल्या दोन छाटण्या, खरड आणि गोडी, विसरा. इथे छाटणी एकदाच, हिवाळ्यात, तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. गमबूट इथेच घ्या, हाताला बसलेली कात्री मात्र घरून आणा, चेक-इनच्या बॅगेत.